आपला लेख लोक पुढं कशामुळं पाठवतात? सांगलीतून लिहिताना आलेले अनुभव

कृष्णाकाठ
रविवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. मी सांगलीत गावभागात राहते, शाळेत शिकवते. गेली सहा-सात वर्षं सांगली आणि आसपासच्या गावांवर लेख लिहून नेटवर टाकते आहे. एक प्रश्न बरेच दिवस डोक्यात घोळतोय, तो आज सविस्तर मांडते.

माझ्या दोन लेखांची गोष्ट आहे.

पहिला लेख सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांवरचा. हळद साठवायची जमिनीखालची पेवं, वरून तोंड अरुंद आणि आत पोट मोठं. तिथल्या मातीचा गुण असा की हळद वर्षानुवर्षं राहिली तरी खराब व्हायची नाही. २००५ च्या महापुराचं पाणी शिरलं आणि बरीचशी पेवं कायमची निकामी झाली. या लेखासाठी मी सहा महिने हरिपूरच्या फेऱ्या केल्या. पेवात उतरलेल्या म्हाताऱ्या माणसांना भेटले, त्यांच्या ओट्यावर तासन् तास बसले. साडेतीन हजार शब्द लिहिले. महिन्याभरात जेमतेम साठ जणांनी तो उघडला. पुढं कुणी पाठवल्याचं तर कानावरच आलं नाही.

दुसरा लेख २०२१ च्या जुलैमध्ये एका रात्रीत लिहिलेला. कोयना खोऱ्यात पाऊस थांबत नव्हता, सांगलीतल्या कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची पातळी तासातासाला वाढत होती. २०१९ ला त्याच पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं सगळ्यांनी पाहिलं होतं, त्यामुळं कुणाच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. बातम्यांत आकडे येत होते: इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. पण फुटांचा आकडा ऐकून घरातल्या माणसाला काय करायचं ते कळत नाही. त्याला एवढंच हवं असतं की माझ्या उंबऱ्याला पाणी कधी लागणार, गाडी कधी हलवू, आईला वरच्या मजल्यावर कधी नेऊ.

आमच्याकडं बऱ्याच घरांच्या भिंतींवर जुन्या पुरांच्या खुणा आहेत. कुणी ऑइलपेंटनं रेघ ओढून साल लिहिलंय, कुणी खिळा मारलाय. मी फोन घेऊन बसले. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, कर्नाळ रोड, दत्तनगर, काकानगर, जिथं जिथं ओळख होती तिथं एकच प्रश्न विचारला: मागच्या वेळी तुमच्या उंबऱ्याला पाणी लागलं तेव्हा आयर्विनला किती फूट होतं? माणसांना हे तोंडपाठ असतं, विचारायला उशीर. मिळालेली उत्तरं तक्त्यात मांडली. खाली लिहिलं की हे रहिवाशांनी सांगितलेलं आहे, सरकारी नाही, एखादा फूट मागेपुढे धरा. मथळा दिला: "आयर्विनला किती फूट झालं की कुठल्या गल्लीत पाणी येतं". रात्री दीडला टाकला. सकाळी सातला माझ्या नणंदेनं पुण्याहून तो मलाच पाठवला, "हे बघ, तुमच्या भागाचंही आहे" म्हणून.

संकट होतं म्हणून पसरला, असं कुणीही म्हणेल. खरंय, पण पुरतं खरं नाही. त्याच रात्री धरणाला तडा गेल्याच्या अफवाही फिरत होत्या, आणि माझ्या तक्त्यापेक्षा जोरात फिरत होत्या. त्या सकाळपर्यंत विरल्या. तक्ता मात्र दर जुलैत लोक परत शोधून काढतात, आणि मला दुरुस्त्या कळवतात की आमच्या बोळात अर्धा फूट आधीच येतं, तेवढं बदला.

माझं मत असं झालंय की लेख पुढं पाठवणारा माणूस त्याच्याबरोबर आपली पत पाठवत असतो. भावकीच्या ग्रुपवर, सोसायटीच्या ग्रुपवर काही टाकलं की त्याखाली त्याचं नाव असतं. उद्या ते खोटं निघालं तर ऐकून त्याला घ्यावं लागतं, मला नाही. तो लेख त्याच्या कुणा विशिष्ट माणसाच्या उपयोगाचा असेल आणि त्यानं आपली पत जाणार नाही अशी त्याला खात्री असेल, तरच तो पाठवतो. पेवांच्या लेखात यातलं काय कमी पडलं? विषय तर सोन्यासारखा होता. तुमचं काय म्हणणं?

बेदाणा
रविवार, रात्री १०:०२

ताई, पत पाठवण्याचं बोललात ते शंभर टक्के खरं. मी तासगाव तालुक्यातला, द्राक्षं आणि बेदाणा करतो. माझे हात पोळलेले आहेत म्हणून सांगतो.

सुरुवातीला मी "बेदाणा उत्पादनातील आव्हाने आणि संधी" असले लेख लिहायचो. कृषी प्रदर्शनाच्या पत्रिकेसारखे. कुणी वाचत नव्हतं, आणि आज मलाही ते वाचवत नाहीत. मग एका फेब्रुवारीत शेडवर बसूनच लिहिलं, वाळवण्याआधी घड बुडवायच्या द्रावणावर. एक लिटर पाण्याला २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिली डिपिंग ऑइल. क्रेट किती वेळ बुडवायचा, वर काढल्यावर किती निथळू द्यायचा, रॅकवरच्या जाळीवर घड किती विरळ पसरायचे, ढगाळ हवा झाली तर काय करायचं. चार किलो द्राक्षाला किलोभर बेदाणा पडतो तो कसा, वाळायला बारा ते पंधरा दिवस का लागतात, सगळं हाताला येईल असं.

तो लेख तासाभरात पसरला. आणि त्यात माझ्या हातून चूक झाली होती. २५ च्या जागी २५० पडलं होतं. एक पाहुणे कवठ्याहून फोन करून म्हणाले, "दाजी, एवढं कसं काय घालायचं?" माझ्या पोटात गोळाच आला. लेख लगेच दुरुस्त केला. पण तोपर्यंत लोकांनी मजकूर उचलून ग्रुपवर चिकटवला होता, तो माझ्या हातात नव्हता. मग रात्री बारापर्यंत एकेका ग्रुपच्या अॅडमिनला फोन केले. कुणाचं नुकसान झालं नाही, पण ती रात्र मी विसरलेलो नाही.

तेव्हापासून दोन गोष्टी पाळतो. आकडा असला की टाकण्याआधी दुसऱ्या माणसाला मोठ्यानं वाचून दाखवतो, आणि तो माणूस शेतातलाच बघतो. दुसरं, मजकुरातच पहिल्या ओळीत तारीख आणि तालुका घालतो. कारण लेखाचा पत्ता गळून नुसता मजकूरच फिरतो. तारीख आत असली तर वर्षानं कुणाच्या हाती पडलं तरी त्याला कळतं की हे कधीचं.

वाळव्याची
रविवार, रात्री १०:४०

कृष्णाकाठ ताई, मी तीन वर्षं एका कंपनीत मजकूर लिहिण्याचं काम केलं. रोज आठ लेख. मथळे वरून ठरून यायचे: "हे वाचून तुम्हाला धक्का बसेल", "नंबर पाच तर कुणालाच माहीत नाही". लोक उघडायचे आणि दहा-पंधरा सेकंदांत निघून जायचे. आम्हाला तो आकडा पडद्यावर दिसायचा आणि मला रोज वाईट वाटायचं, कारण आपण कुणाला तरी हाक मारून बोलावलं आणि दारातूनच परत पाठवलं असं ते होतं. नोकरी सोडली त्याला हेही एक कारण.

पण म्हणून मथळ्याचं महत्त्व कमी होत नाही. तुमच्या पहिल्या लेखाचा मथळा काय होता, सांगाल का? मला वाटतं गोम तिथं आहे.

अभ्यासातलं काही सांगते, कारण यावर नीट काम झालेलं आहे. जोना बर्जर आणि कॅथरीन मिल्कमन या दोघांनी न्यूयॉर्क टाइम्सचे तीन महिन्यांतले जवळजवळ ७ हजार लेख तपासले होते, २०१२ मध्ये ते प्रसिद्ध झालं. कुठला लेख लोक सर्वाधिक ईमेलनं पुढं पाठवतात हे त्यांनी पाहिलं. मन हलवून सोडणाऱ्या भावना, म्हणजे थक्क होणं, संताप, काळजी, यांनी लेख जास्त पाठवला जातो. नुसतं उदास करणारा लेख मात्र कमी पाठवला जातो, कारण उदास माणूस स्वस्थ बसतो. आणि व्यवहारात उपयोगी पडणारा लेखही जास्त पाठवला जातो. तुमचा पुराचा तक्ता काळजी आणि उपयोग दोन्हींत बसतो. पेवांचा लेख, मी वाचलेला नाही, पण "गेले ते दिवस" या सुरात असेल तर तो वाचून माणूस हळहळतो आणि फोन खाली ठेवतो.

अफवांचंही असंच. २०१८ मध्ये सायन्स या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात ट्विटरवरच्या २००६ ते २०१७ या काळातल्या सुमारे १ लाख २६ हजार बातम्या-अफवांचा माग काढला होता. खोटी बातमी पुढं जाण्याची शक्यता खऱ्यापेक्षा ७० टक्क्यांनी जास्त निघाली. आणि हे आपोआप चालणाऱ्या बॉट खात्यांमुळं नव्हे, माणसांमुळंच. खोट्यात नवल जास्त असतं. म्हणून मला वाटतं, खरं लिहिणाऱ्यानं खऱ्यातलं नवल शोधून वर आणायला शिकलंच पाहिजे. ते न करता "आमचं खरं आहे, लोकांना कळत नाही" म्हणणं मला पटत नाही.

कृष्णाकाठ
रविवार, रात्री ११:०५

मथळा होता "हरिपूरची पेवसंस्कृती: एक दृष्टिक्षेप". आणि सुरुवात अशी:

"हळद हा भारतीय संस्कृतीचा अविभाज्य घटक आहे. प्राचीन काळापासून धार्मिक विधी, आयुर्वेद आणि पाककला यांत हळदीला अनन्यसाधारण स्थान लाभले आहे. सांगली ही हळदीची मोठी बाजारपेठ म्हणून सर्वदूर ख्यात असून..."

लिहिताना हे भारदस्त वाटलं होतं. आत्ता वाचताना दिसतंय की पहिल्या सव्वाशे शब्दांत पेव हा शब्दच नाही.

घाटमाथा
सोमवार, सकाळी ६:२०

बाई, राम राम. मी खानापूर तालुक्यातला, गलाईवाला. सोनं-चांदी गाळायचा, शुद्ध करायचा आमचा धंदा. तीस वर्षं तमिळनाडूत काढली, आता दुकान मुलगा बघतो. आमच्या भागातलं घर दाखवा की ज्यातलं कुणी बाहेर गलाईला नाही. केरळ, आंध्र, पंजाब, बंगाल, जिथं सोनं तिथं आमचा माणूस.

तुम्ही लिहिणाऱ्या मंडळींनी वाचणारा कुठं बसलाय हे ध्यानात घ्यावं असं मला वाटतं. दुकानात दिवसभर तिथली भाषा बोलायची. रात्री दहाला मूस थंड झाली, हात धुतले, की मोबाइल हातात येतो. तेव्हा गावचं काहीतरी वाचायला मिळावं असं फार वाटतं. आमच्या ग्रुपवर एकदा कुणीतरी एक लेख पाठवला. आमच्याच शेजारच्या गावच्या यात्रेवर होता. त्यात लिहिणाऱ्यानं पालखी कुठल्या गल्लीनं वळते, कुणाच्या वाड्यापुढं थांबते, तिथं पाणी कोण वाढतं, हे सगळं जसंच्या तसं लिहिलं होतं. तो लेख मला एका दिवसात कोइमतूरहून, विजयवाड्याहून आणि लुधियान्याहून आला. तीन वेगळ्या माणसांकडून. प्रत्येकानं वर लिहिलं होतं, "आपल्याकडचं आहे."

त्यात यात्रेचा इतिहास, महत्त्व वगैरे काही नव्हतं. पण पालखी वळते ती गल्ली बरोबर होती. तेवढी चुकली असती तर कुणीच पाठवला नसता.

तुमच्या पेवाच्या लेखाची सुरुवात वाचली आणि मला वाटलं ही सांगलीत बसून दिल्लीला सांगतेय. बाई, आम्हाला सांगा की. सांगलीच्या बाजारात हळद घेऊन गेलेल्यांची नातवंडं जगभर आहेत. त्यांना हळदीचं धार्मिक महत्त्व माहीत आहे. पेवात उतरताना काय वाटायचं ते माहीत नाही.

राग मानू नका. आणि एक, आमच्याकडं कीर्तनाला बुवा उभे राहिले की आधी अभंग घेतात, पूर्वरंगात तो उलगडतात, आणि मग उत्तररंगात आख्यान लावतात. लोक आख्यानाला जागे राहतात. देवळात माणूस बसलेलाच असतो, तो पूर्वरंग संपेपर्यंत थांबतो. फोनवर वाचणारा उभ्यानं वाचतो, त्याला आख्यानच आधी पाहिजे. पूर्वरंगातलं जे सांगायचं ते आख्यानातच मधे मधे पेरा.

तंतुवाद्य
सोमवार, दुपारी १:१५

घाटमाथा काकांचं बोलणं वाचून दोन वेळा मान हलवली. मी मिरजेचा, दुकानांची आणि छोट्या संस्थांची संकेतस्थळं बनवतो. लिहिण्याबद्दल वर बरंच आलंय, मी कामाच्या बाजूचं सांगतो, कारण चांगला लेख यातच अडकून पडलेला मी रोज बघतो.

व्हॉट्सअॅपवर तुम्ही लेखाचा पत्ता पाठवता तेव्हा खाली एक चौकोन उमटतो. चित्र, मथळा आणि एखादी ओळ. वाचणारा निर्णय घेतो तो त्या चौकोनावर. ते तिन्ही कुठून येतात? पानाच्या आत ओपन ग्राफ नावाच्या खुणा असतात, फेसबुकनं २०१० मध्ये आणलेल्या. त्या नीट भरल्या नसतील तर चौकोनात तुमच्या संकेतस्थळाचं बोधचिन्ह येतं, किंवा काहीच येत नाही. ताई, मी आत्ता तुमचा पेवांचा लेख काढून स्वतःलाच पाठवून बघितला. चित्राच्या जागी करडा चौकोन आला आणि खाली "मुख्यपृष्ठ, संपर्क, आमच्याविषयी" अशी ओळ. म्हणजे पाठवणाऱ्यानं मनापासून पाठवला तरी घेणाऱ्याला काय आलंय तेच कळणार नाही. हे अर्ध्या तासाचं काम आहे, मी करून देतो. १२०० बाय ६३० पिक्सेलचा एक आडवा फोटो मात्र लागेल, आणि तो पेवाच्या तोंडाचा असावा, हळदीच्या ढिगाचा नको. हळदीचे ढीग सगळ्यांनी बघितलेत.

दुसरं, पुढं पाठवण्याला मर्यादा आहेत. २०१८ मध्ये व्हॉट्सअॅपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल असं केलं, अफवांमुळं जमावानं माणसं मारल्याच्या घटनांनंतर. २०२० पासून खूप फिरलेला, दोन बाण आलेला मजकूर तर एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. म्हणजे आज जे दूरवर जातं ते एकेका माणसानं एकेक वेळ ठरवून पाठवलेलं असतं. पाठवणारा आपली पत पाठवतो हा तुमचा मुद्दा इथं आणखी घट्ट होतो.

तिसरं, मिरजेतलं उदाहरण. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्या आठवड्यात सगळ्यांनी तोच लेख लिहिला. मीही एकांसाठी लिहून दिला. अभिमानाची गोष्ट, परंपरा जुनी, वगैरे. एकही चालला नाही, कारण बातमी आधीच सगळ्यांकडं पोचली होती. त्याच वेळी आमच्या गल्लीतल्या एका कारागिराच्या मुलानं, विशीतला पोरगा, फक्त जवारीवर, म्हणजे ज्या घोडीवर तारा टेकतात ती घासून आवाज लावण्यावर लिहिलं. घोडीचा माथा कानसीनं किती हलक्या हातानं घासायचा, मधे मधे तार चढवून छेडून बघायची, तारेखाली सुताचा दोरा सरकवत आवाज कुठं उघडतो ते ऐकायचं, आणि एक घास जास्त झाला की सगळं पुन्हा पहिल्यापासून. बाराशे शब्द असतील. तो धारवाडच्या गाणाऱ्यांपर्यंत गेला आणि त्यांच्यातल्या एकानं तंबोरा घेऊन मिरज गाठली. पोराच्या मराठीत चुका होत्या, पण कुणी काढल्या नाहीत.

वाळव्याची
सोमवार, दुपारी २:००

तंतुवाद्य, शोधाचंही सांगा ना. ताईंचा तक्ता दरवर्षी लोक शोधून काढतात म्हणाल्या, ते कसं?

तंतुवाद्य
सोमवार, दुपारी २:२५

मथळ्यामुळं. माणूस घाबरलेला असताना शोधायला जे शब्द टाकेल तेच ताईंच्या मथळ्यात आहेत: आयर्विन, फूट, गल्ली, पाणी. "पेवसंस्कृती" हा शब्द कुणी शोधत नाही. शिवाय आपल्याकडं बरेच लोक मराठी शब्द रोमन अक्षरांत टाइप करून शोधतात. म्हणून पानाचा पत्ता रोमनमध्ये साधा आणि ओळखू येईल असा ठेवावा.

ज्यांच्याकडं जुने लेख श्री-लिपीसारख्या फॉन्टमध्ये आहेत त्यांनी ते युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या यंत्रांना वाचता येणाऱ्या अक्षरांत करून घ्या, हे कळकळीनं सांगतो. त्या फॉन्टमधला मजकूर यंत्राला मराठी म्हणून दिसतच नाही. एका मंडळाचे वीस वर्षांचे दिवाळी अंक मी बघितले, उत्तम लेख, आणि एकही शोधून सापडत नाही.

सज्जनगड
सोमवार, रात्री ९:३०

साताऱ्याहून लिहितोय. दिवसभर हा धागा वाचत होतो. मला दुसरी बाजू सांगायची आहे, कारण पसरलेल्या लेखाचं ओझं मी वाहिलंय.

मी डोंगरात फिरतो आणि त्यावर लिहितो. कास पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीत आलं, तेव्हापासून फुलांच्या हंगामात तिथं किती माणसं येतात ते सातारकरांना सांगायला नको. तिथं निदान नोंदणी आहे, वनसमिती आहे. मी लिहिलं ते एका बारक्या पठारावर, जिथं यातलं काहीच नव्हतं. लेखात नाव दिलं, वाट दिली, गाडी कुठं लावायची तेही दिलं. घाटमाथा काका म्हणतात तसं, गल्ली बरोबर होती. लेख जोरात गेला. आलेले निरोप वाचून मी खूश होतो.

दुसऱ्या रविवारी तिथल्या वाडीतल्या एका मावशींचा फोन आला. मी त्यांच्याकडं जेवायचो. म्हणाल्या, "बाळा, तू लिवलंस का आमच्याबद्दल? गाड्या भाताच्या बांधावरनं गेल्या बघ." मी लगोलग गेलो. दोन खाचरांचे बांध फुटले होते, पाणी वाहून गेलं होतं, रोपं आडवी. पठारावर ज्या फुलांचे मी फोटो टाकले होते तिथं चपलांनी चिखल झाला होता. मावशी काही बोलल्या नाहीत, चहा दिला. मी त्यांच्या मुलाबरोबर दोन दिवस बांध घातला.

लेखातून नाव आणि वाट काढून टाकली. पण बेदाणा दादा म्हणाले तसंच, उचललेला मजकूर फिरतच राहिला. पुढचे दोन हंगाम त्या वाडीनं सोसलं.

म्हणून ताई, पत कुणाची जाते या तुमच्या हिशोबात एक माणूस वाढवा असं माझं म्हणणं आहे. लिहिणारा, पाठवणारा, वाचणारा हे तिघं झाले. चौथा ज्याच्याबद्दल लिहिलंय तो. आता मी जागेबद्दल लिहिण्याआधी तिथल्या माणसाला विचारतो, हे शंभर जणांनी वाचलं तर चालेल का, आणि दहा हजारांनी वाचलं तर? दोन्हीची उत्तरं वेगळी येतात. दहा हजारांना नको म्हणाले तर फुलावर लिहितो, जागेवर नाही.

बेदाणा
सोमवार, रात्री ९:५०

दादा, वाचून गलबललं. बांध फुटणं म्हणजे काय ते आम्हाला कळतं.

कृष्णाकाठ
मंगळवार, रात्री १०:३०

सज्जनगड, तुमचं वाचून मी काल काही लिहू शकले नाही. आज शाळा सुटल्यावर हरिपूरला गेले. ज्या आजोबांनी मला पेवाची सगळी माहिती दिली होती त्यांना तुमचा प्रश्न जसाच्या तसा विचारला. ते म्हणाले, "दहा हजार येऊ देत की. पण उघडी पेवं हायत तिथं पोरं-बाळं नाचली तर पडतील. ते तेवढं लिव्ह." म्हणजे आता लेखात एकटं जाऊन पेवात डोकावू नका, आत हवा कोंडलेली असते, हे ठळक येणार.

वाळव्याची, तुमचा मुद्दा मला आधी टोचला होता, पण बरोबर आहे. मी खरं लिहिलं होतं आणि त्यातलं नवल खाली गाडून ठेवलं होतं. साडेतीन हजार शब्दांत एकविसाव्या परिच्छेदात एक ओळ होती, आजोबांनी सांगितलेली. ती वर आणलीय. नवीन सुरुवात बघा:

"हरिपुरात पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरत नसे. तोंड तासन् तास उघडं ठेवायचं, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. ज्योत फडफडली तर थांबायचं, विझली तर त्या दिवशी काम बंद. ज्योत स्थिर राहिली की एक जण कमरेला दोर बांधून उतरायचा, आणि वरचा माणूस तो दोर हातातून सोडायचा नाही, तंबाखू मळायलासुद्धा. वरचा माणूस बहुतेक भाऊ असायचा."

मथळा: "हरिपूरच्या पेवात आधी कंदील का उतरायचा". लांबीही कमी केली, चौदाशे शब्दांवर आणली. हळदीचं भौगोलिक मानांकन, जे सांगलीला २०१८ मध्ये मिळालं, ते शेवटी एका ओळीत ठेवलंय. पेवांचा हिशोब कसा ठेवत, माल कुणाचा हे कसं ओळखत, त्यावर वेगळा लेख होईल.

घाटमाथा
बुधवार, सकाळी ६:०५

"वरचा माणूस बहुतेक भाऊ असायचा." बाई, इथं मी वाचायचा थांबलो आणि माझ्या धाकट्याला फोन लावला. तो तिकडं सेलमला असतो. लेख टाकलात की पत्ता द्या, आमच्या सगळ्या ग्रुपवर मी स्वतः टाकतो.

एक विचारायचं राहिलं. दोर कसला असायचा? काथ्याचा की अंबाडीचा? आमच्यातले जुने लोक हेच पहिलं विचारतील.

कृष्णाकाठ
बुधवार, सकाळी ७:१५

काका, हे मी विचारलंच नाही. रविवारी परत जाते, विचारून मगच टाकते.

तंतुवाद्य
बुधवार, सकाळी ९:४०

ताई, रविवारी मी कॅमेरा घेऊन येतो, चौकोनाचा फोटोही होऊन जाईल. ऊन तिरपं असताना पेवाचं तोंड चांगलं दिसेल, म्हणून सकाळी साडेसातला बागेतल्या गणपतीपाशी भेटू. आजोबांना कंदील असला तर काढून ठेवायला सांगा.

बेदाणा
बुधवार, दुपारी १२:३०

कंदील आमच्या शेडवर आहे, जुना, काच शाबूत. मी घेऊन येतो.